पराजिताचें स्तोत्र

ज्या गाण्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत, तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु तें कोणीं रचलें, केव्हां रचलें आणि त्यांत म्हटलें आहे तरी काय, याचा विचार फार थोड्यांनीं केला असेल. गाणें इंग्रजी आहे आणि त्याचें नांव 'हालेलूया'. पाश्चात्य देशांत तें लग्नांत गातात आणि अंत्यविधीच्या प्रार्थनेंतहि गातात. नाताळांत चर्चमधील गायकवृंद तें म्हणतात. आणि एका हिरव्या राक्षसाची गोष्ट सांगणाऱ्या मुलांच्या चित्रपटांतहि तेंच ऐकूं येतें. तीनशेंहून अधिक गायकांनीं तें ध्वनिमुद्रित केलें आहे. प्रथम ऐकणाऱ्याची समजूत अशी होते कीं, हें दोन-तीनशें वर्षांपूर्वींचें एखादें प्रार्थनागीत असावें. वस्तुतः तें १९८४ सालचें आहे. तें रचणारा कवि ख्रिस्ती नव्हता, यहुदी होता. त्यांत प्रार्थनेपेक्षां प्रेमभंगाच्याच गोष्टी अधिक आहेत. आणि ज्या तबकडीवर तें प्रथम आलें, ती तबकडी अमेरिकेंत काढण्यास खुद्द कवीच्या कंपनीनेंच नकार दिला होता.

असें हें गाणें सर्वांचें कसें झालें, आणि सर्वांचें होतां होतां त्यांतलें काय टिकलें व काय गळून गेलें, हें आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम त्या शब्दाकडे वळूं. 'हालेलूया' हा हिब्रू शब्द दोन शब्द मिळून झालेला आहे. पूर्वपदाचा अर्थ 'स्तुति करा' असा असून उत्तरपद 'याह' हें ईश्वराच्या नामाचें संक्षिप्त रूप आहे. यांतील क्रियापद आज्ञार्थी व अनेकवचनी आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा एकट्यानें मनांत म्हणावयाचा मंत्र नव्हे. ती चार जणांना घातलेली साद आहे. जुन्या करारांतील दीडशें स्तोत्रांत हा शब्द पुनःपुन्हां येतो आणि शेवटच्या स्तोत्राचा शेवट याच शब्दानें होतो. ११३ ते ११८ या सहा स्तोत्रांना 'हल्लेल' अशी संज्ञा आहे, आणि यहुदी लोक तीं वल्हांडणाच्या सणांत म्हणतात. त्यांत गुलामगिरींतून सुटल्याचा आनंद आहे. तशीच मरणाच्या दारांतून परत आलेल्या माणसाची व्याकुळताहि आहे. तात्पर्य, स्तुति आणि दुःख यांची सोबत मूळ ग्रंथांतच आहे.

पुढें ख्रिस्ती धर्मानें हा शब्द भाषांतर न करतां जसाचा तसा उचलला. हॅन्डेल या संगीतकारानें १७४१ सालीं 'मेसाया' ही आपली प्रसिद्ध रचना केली. तिच्यांतील या शब्दाचा समूहघोष इतका गाजला कीं, पाश्चात्य कानाला 'हालेलूया' म्हणजे नगारे, कर्णे आणि विजय, असेंच समीकरण होऊन बसलें. दुःखाची सोबत सुटली आणि जयजयकार तेवढा उरला. ही पार्श्वभूमि लक्षांत घेतल्यावांचून आपल्या कवीनें काय केलें, हें नीट कळणार नाहीं.

या कवीचें नांव लेनर्ड कोहेन. कॅनडांतील माँट्रियल शहरीं ता. २१ सप्टेंबर १९३४ रोजीं त्याचा जन्म झाला. 'कोहेन' या आडनांवाचाच अर्थ याजक, म्हणजे आपल्याकडील पुरोहित. त्याचे वडिलांकडील आजोबा माँट्रियलच्या यहुदी समाजाचे एक पुढारी होते, तर आईचे वडील धर्मशास्त्राचे व्यासंगी पंडित होते. नऊ वर्षांचा असतांना त्याचें पितृछत्र हरपलें. त्याचा पहिला काव्यसंग्रह १९५६ सालीं निघाला. पहिली तबकडी निघाली ती १९६७ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं. 'हालेलूया' प्रसिद्ध झालें तेव्हां त्यानें पन्नाशी गांठली होती. तारुण्याच्या भरांत लिहिलेलें हें गाणें नव्हे; प्रेमाचा आणि श्रद्धेचा, दोहोंचाहि हिशेब मांडावयास बसलेल्या प्रौढ माणसाचें तें गाणें आहे.

गाण्यांत दोन जुन्या कथांचे धागे एकत्र विणले आहेत. पहिली कथा दाविद राजाची. हा मूळचा मेंढपाळाचा पोर. आपल्या वीणेच्या स्वरांनीं तो शौल राजाच्या मनाची तळमळ शांत करीत असे. परंपरेनें स्तोत्रसंग्रहांतील बहुतेक स्तोत्रांचें कर्तृत्व त्याच्याकडेच दिलें आहे. पुढें हाच दाविद राजा झाला आणि एके संध्याकाळीं राजवाड्याच्या गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा त्याच्या दृष्टीस पडली. ती त्याच्याच सैन्यांतील उरीया नांवाच्या योद्ध्याची पत्नी. राजानें तिला आणविलें, आणि पाप उघडकीस येणार असें दिसतांच उरीयाला रणांत मुद्दाम मृत्यूच्या तोंडीं दिलें. नाथान या संदेष्ट्यानें त्याच्या पदरांत हें पाप घातलें तेव्हां दाविदानें जो पश्चात्ताप केला, त्याच्याशीं एकावन्नावें स्तोत्र निगडित आहे. म्हणजे ज्यानें देवाची सर्वांत गोड स्तुति केली, तोच हा पापी. दुसरी कथा शमशोनाची. त्याचें सारें बळ त्याच्या केसांत होतें. दलीलेनें तें गुपित काढून घेतलें, आणि त्याचे केस कापले गेले. कोहेननें त्या स्त्रियांचीं नांवें न घेतां या दोन्ही कथा एकाच कडव्यांत अशा मिसळल्या आहेत कीं, राजा कोणता, वीर कोणता आणि आपल्या घरांतला सामान्य माणूस कोणता, हा भेदच उरत नाहीं. प्रेमानें ज्याचें सर्वस्व हिरावून घेतलें, अशा कोणाहि माणसाच्या तोंडून तो स्तुतीचा शब्द बाहेर पडतो.

संगीताच्या अंगानेंहि एक कौशल्य येथें आहे. पहिल्या कडव्यांत दाविदाच्या वीणेचें वर्णन करतांना चालींतील स्वरमेळ ज्या पायऱ्या चढतो व उतरतो त्यांचीं नांवें शब्दांत येतात, आणि नेमक्या त्याच क्षणीं वाद्यांत तीच पायरी वाजते. ज्याला पाश्चात्य संगीताचें ज्ञान आहे तो हें ओळखून हसतो. ज्याला नाहीं त्यालाहि बोल आणि सूर एकजीव झाल्याचा भास होतो. लय तिनाच्या झोक्याची, आपल्या दादऱ्याची आठवण व्हावी अशी. आणि ध्रुवपदांत तर एकच शब्द चारदां. इंग्रजी न येणाऱ्यालाहि तें म्हणतां येतें, आणि ज्याचा आवाज बेताचा आहे त्यालाहि साथ करतां येते.

हें सोपेंपण सहज आलें नव्हतें. या गाण्यावर कोहेन कित्येक वर्षें झटत होता. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांतील खोलींत जमिनीवर बसून आपण कडव्यामागून कडवें लिहीत होतों आणि निराशेनें जमिनीवर डोकें आपटीत होतों, असें तोच पुढें सांगत असे. एकंदर कडवीं ऐंशीच्या घरांत गेलीं असें म्हणतात. एकदां पॅरिसच्या एका कॉफीगृहांत बॉब डिलन या ख्यातनाम गीतकारानें त्याला विचारलें कीं, हें गाणें लिहावयास किती काळ लागला. कोहेननें 'दोन वर्षें' म्हणून सांगितलें. खरी संख्या याहून मोठी होती, हें त्यानें मागाहून कबूल केलें. मग त्यानें डिलनला त्याच्या एका गाण्याविषयीं तोच प्रश्न केला. उत्तर आलें, 'पंधरा मिनिटें!' डिलनला मात्र या गाण्याची पारख होती. ज्या काळीं त्याला कोणी विचारीत नव्हतें, त्या १९८८ सालीं डिलननें तें आपल्या जाहीर कार्यक्रमांत गाइलें.

कोणी विचारीत नव्हतें, हें अक्षरशः खरें आहे. ज्या तबकडीवर हें गाणें होतें, ती १९८४ च्या अखेरीस कॅनडा व युरोप येथें निघाली. परंतु अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ती बाजारांत आणण्याचें नाकारलें. अखेर दुसऱ्या एका लहान कंपनीनें ती तेथें प्रसिद्ध केली. समीक्षकांचें लक्ष गेलें नाहीं, आणि खपहि झाला नाहीं. या गाण्याचा इतिहास येथेंच संपावयाचा.

तो संपला नाहीं याचें श्रेय जॉन केल या वेल्श गायकाला आहे. कोहेननें न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमांत हें गाणें म्हटलेलें त्यानें ऐकलें आणि शब्दांची मागणी केली. कोहेननें टेलिफोनच्या तारेवरून पानें पाठविणाऱ्या यंत्रानें एकदोन नव्हे, पंधरा पानें पाठविलीं! त्यांतून केलनें आपल्या पसंतीचीं पांच कडवीं निवडलीं आणि केवळ पियानोच्या साथीवर तीं गाइलीं. एका फ्रेंच मासिकानें १९९१ सालीं कोहेनच्या गौरवार्थ जी तबकडी काढली, तिच्यांत हें गायन आहे. आज जग जें 'हालेलूया' ओळखतें तें बव्हंशीं केलच्या निवडीचें. जेफ बक्ली या तरुण गायकानें केलचें गायन ऐकून तें उचललें, आणि १९९४ सालीं आपल्या 'ग्रेस' या तबकडीवर कमालीच्या हळुवारपणानें म्हटलें. हें स्तोत्र देवाचें नसून मानवी प्रेमाचें आहे, अशी त्याची समजूत होती. ता. २९ मे १९९७ रोजीं मेंफिस येथें नदींत बुडून त्याचा अंत झाला. वय अवघें तीस. त्या अकालमृत्यूनें त्याच्या स्वराला एक निराळीच करुणा चिकटली. २००१ सालीं 'श्रेक' या चित्रपटांत केलचें गायन कांहीं ओळी गाळून घेतलें गेलें, आणि गाणें मुलांच्या तोंडीं बसलें.

येथें थोडें थांबून, या प्रवासांत काय गळून पडलें तें पाहूं. केलनें कोहेनचीं पहिलीं दोन कडवीं ठेवलीं, परंतु शेवटचीं दोन सोडलीं. त्यांतील अखेरच्या कडव्यांतच गाण्याचा निर्णय होता. आपल्या आयुष्याचें गणित चुकलें हें मोकळेपणानें मान्य करून गायक तेथें अखेर स्तुतीच्याच बाजूला जाऊन उभा राहतो. तें कडवें काढतांच गाण्याचा शेवट थंड, भग्न अशा सुरावर होतो, आणि स्तुतीचा शब्द कण्हण्यासारखा ऐकूं येतो. कोहेन स्वतः रंगमंचावर मधलीं कडवीं बदलीत असे. अखेरचें कडवें मात्र त्यानें जपलें.

आपणां मराठी माणसांस ही गोष्ट चटकन् उमगावी. आपल्याकडे अभंगांना पाठभेद पुष्कळ. फडाफडांत एखादें चरण मागेंपुढें होतें, कीर्तनकार आपल्या रंगाप्रमाणें एखादें कडवें सोडतो. परंतु शेवटचें चरण सहसा कोणी टाकीत नाहीं. कारण तेथें संताची नाममुद्रा असते, आणि सांगणाऱ्याचें सांगणें तेथेंच पुरें होतें. 'हालेलूया' या गाण्यांत नाममुद्रा नाहीं. पण अखेरच्या कडव्याचें काम तेंच होतें, आणि लोकांनीं नेमकें तेंच वगळलें.

लोकप्रियता मात्र वाढतच गेली. डिसेंबर २००८ मध्यें ब्रिटनांत एक चमत्कार घडला. दूरचित्रवाणीवरील एका गायनस्पर्धेंत विजयी झालेल्या अलेक्झांड्रा बर्क हिनें गाइलेलें 'हालेलूया' खपाच्या यादींत पहिलें आलें, बक्लीचें दुसरें आलें, आणि खुद्द कोहेनच्या मूळ गायनाला छत्तिसावा क्रमांक मिळाला. ज्या गाण्याची तबकडी काढावयास कंपनी तयार नव्हती, तें एकाच आठवड्यांत तीन ठिकाणीं! पुढील वर्षीं एका मुलाखतींत कोहेननें सांगितलें कीं, हें पाहून सूड उगवल्याचा किंचित् आनंद आपणांस झाला. गाणें चांगलें आहे, पण जरा फारच लोक तें गातात. या विनोदांत तथ्य आहे. जो शब्द प्रत्येक प्रसंगाला चालतो, तो हळूहळू कोणत्याच प्रसंगाचा राहत नाहीं. गाण्याला मरण दोन प्रकारांनीं येतें: कोणी ऐकलें नाहीं म्हणून, आणि सर्वांनीं फार ऐकलें म्हणून. हें गाणें पहिल्या मरणांतून वांचलें. दुसऱ्यांतून वांचेल काय, हा खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर गाण्याच्या अर्थांतच शोधलें पाहिजे. स्वतः कोहेननें त्याविषयीं थोडकेंच सांगितलें आहे. स्तुतीचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील निर्दोष तेवढे खरे आणि भंगलेले तेवढे खोटे असें नाहीं. सर्वांची किंमत सारखीच, असा त्याचा आशय. हें म्हणणें ऐकावयास सोपें वाटतें. पण त्यानें हॅन्डेलच्या काळापासून रूढ झालेलें समीकरणच उलटें केलें. स्तुति ही विजयाच्या दिवशीं वाजवावयाची नौबत नव्हे. ज्याचें सर्व फसलें, त्यालाहि ती म्हणण्याचा अधिकार आहे; किंबहुना त्याच्या स्तुतींत सौदा नसतो, म्हणून ती अधिक खरी. आपल्या संतांनीं विठोबाशीं भांडण मांडलें, त्याला बोल लावले, पण पंढरीची वाट सोडली नाहीं. तक्रार आणि भक्ति एकाच तोंडीं नांदूं शकतात, हें वारकऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं. पाश्चात्य नागर माणसाला मात्र चर्चच्या बाहेर, मोडक्या संसारांत आणि एकाकी खोलींत हा शब्द उच्चारण्याची मुभा या गाण्यानें दिली. लग्नांत आणि स्मशानांत तें सारखेंच शोभतें याचें कारण हेंच.

कोहेनच्या आयुष्याचा एक धागा आपल्या मुंबईशींहि जुळलेला आहे. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील माउंट बाल्डी येथील मठांत त्यानें झेन पंथाच्या भिक्षूची दीक्षा घेतली होती. तेथून बाहेर पडल्यावर १९९९ सालीं तो मुंबईस आला, आणि रमेश बळसेकर यांच्या घरीं रोज सकाळीं भरणाऱ्या बैठकींत इतर मंडळींबरोबर बसूं लागला. बळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख अधिकारी. खेतवाडींत मराठींतून तत्त्वबोध करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे ते शिष्य, आणि महाराजांचें बोलणें परदेशी जिज्ञासूंसाठीं इंग्रजींत सांगणारे दुभाषी. कर्ता कोणी नाहीं, घडतें तें घडतें, हें त्यांच्या शिकवणीचें सार. त्या सुमारास आपल्या मनावरील अनेक वर्षांचें मळभ हटलें, असें कोहेन पुढें सांगत असे. त्यानें आपला यहुदी धर्म सोडला नव्हता. आणि गाणें तर पंधरा वर्षांपूर्वींच लिहून झालें होतें. तेव्हां या गाण्याचा उगम मुंबईंत शोधणें वेडेपणाचें होईल. परंतु अपयशाचा भार एकट्याच्या खांद्यावरून उतरविण्याची जी ओढ त्याच्या अखेरच्या कडव्यांत आहे, तीच त्याला येथवर घेऊन आली असावी, असें मानण्यास जागा आहे.

पुढें त्याच्या परीक्षेचा दिवस आलाच. आयुष्यभराची जमविलेली पुंजी दुसऱ्यांच्या हातून नाहींशी झाल्याचें त्याला आढळलें, आणि २००८ सालीं, त्र्याहत्तराव्या वर्षीं, तो पुन्हां रंगमंचावर उभा राहिला. मोठमोठ्या सभागृहांत, एक गुडघा टेकून, डोक्यावरील हॅट सांवरीत तो 'हालेलूया' म्हणे, आणि शेवट त्या गाळलेल्या कडव्यानें करी. आतां त्या शब्दांमागें हरलेल्या माणसाचा प्रत्यक्ष पुरावा उभा होता.

ता. ७ नोव्हेंबर १९१६ नव्हे, २०१६ रोजीं – शतक चुकावें इतका तो जुन्या काळचा वाटे – लॉस अँजेल्स येथें कोहेनचें निधन झालें. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. त्या आठवड्याच्या अखेरीस दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमांत, पराभूत झालेल्या हिलरी क्लिंटन यांची नक्कल करणारी केट मॅकिनन ही नटी पियानोपाशीं बसली आणि तिनें हें गाणें म्हटलें. त्यांत तिनें अखेरचें कडवेंहि घेतलें. यानंतर चार वर्षांनीं, ऑगस्ट २०२० मध्यें, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या समारोपांत हेंच गाणें आतषबाजीबरोबर वाजविलें गेलें. कोहेनच्या वारसांनीं परवानगी नाकारली होती, तरीहि. कोणता पक्ष बरा, हा आपला विषय नव्हे. परंतु एकदां हा शब्द पराजयाच्या रात्रीं उच्चारला गेला, आणि एकदां नौबतीसारखा वाजविला गेला. गाण्याच्या अर्थाशीं इमान राखलें तें पहिल्या वेळीं.

म्हणून यापुढें आपल्या कानीं 'हालेलूया' पडेल तेव्हां एवढेंच पाहावें, गाणारानें शेवटचें कडवें म्हटलें कीं नाहीं. म्हटलें नसेल, तर एक सुरेल विलाप ऐकावयास मिळाला असें समजावें. म्हटलें असेल, तर हरल्यावरहि कृतज्ञ राहूं पाहणाऱ्या एका माणसाचा शब्द आपणांपर्यंत पुरता पोंचला. जोंपर्यंत तें कडवें म्हणणारा कोणी आहे, तोंपर्यंत कितीहि तोंडांतून गेलें तरी हें गाणें झिजणार नाहीं.